तेल सांडून नामानिराळे कसे राहावे

समजा, तेल काढायला खोल समुद्रातला एक ब्लॉक, म्हणजे तळाचा एक तुकडा, तुमच्या नावावर लागला आहे. अभिनंदन. आता आज ना उद्या तेल सांडणार हे धरून चाला आणि तयारीला लागा. भाबडी माणसे सांडू नये म्हणून तयारी करतात. मुरलेली माणसे सांडलेले मोजले जाऊ नये म्हणून. या विद्येचा सगळ्यात सविस्तर धडा २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात गिरवला गेला. ब्रिटिश तेल कंपनी बीपीची मकाँडो विहीर, ट्रान्सओशनची डीपवॉटर होरायझन रिग, हॅलिबर्टनचे सिमेंट. स्फोटात ११ माणसे गेली, विहीर ८७ दिवस वाहिली. बीपीला हे सगळे प्रकरण ६,५०० कोटी डॉलरच्या आसपास पडले, हे खरे. पण कंपनी आहे तिथे आहे. तेव्हा धडा गिरवण्यासारखाच आहे.

सुरुवात विहिरीपासून. अशा रिगचे भाडे तेव्हा दिवसाला पाच लाख डॉलर, वरखर्च धरून दहा लाख. मकाँडोचे काम सहा आठवडे मागे पडलेले. अशा वेळी हात कुठे आखडायचा ते कळले पाहिजे. केसिंगचा, म्हणजे विहिरीच्या अस्तराचा, पाइप विहिरीच्या मधोमध राहावा म्हणून त्याला सेंट्रलायझर लावतात. पाइप एका अंगाला टेकला की सिमेंट रुंद बाजूने निघून जाते, अरुंद बाजूचा मड (खोदताना विहिरीत भरलेला जड चिखल) तिथेच बसून राहतो आणि मडच्या त्या पट्टीतून गॅसला वाट मिळते. सिमेंटवाल्यांच्या हिशेबाने २१ सेंट्रलायझर हवे होते. बसवले ६. आणखी १५ हेलिकॉप्टरने रिगवर आलेही होते, पण ते चुकीच्या जातीचे आहेत असा समज झाला (तसे ते नव्हते), शिवाय बसवायला दहा तास गेले असते. सिमेंट नीट धरले का हे तपासणारी टोळी रिगवर हजर होती; तिला स्फोटाच्याच दिवशी सकाळी न तपासता परत पाठवले. वाचले साधारण सव्वा लाख डॉलर.

एक चाचणी मात्र टाळता येत नाही. विहिरीतला जड मड काढून जागी हलके समुद्राचे पाणी भरायचे, वरचा दाब सोडायचा आणि काटा शून्यावर थांबतो का ते बघत बसायचे; थांबला तर विहीर बंद, चढला तर आतून काहीतरी वर येते आहे. मकाँडोवर ड्रिल पाइपचा काटा सोडल्यावर पुन्हा चढे, आणि शेवटी १,४०० पीएसआयवर जाऊन बसला. नवखा माणूस इथे घाबरतो. तुम्ही शेजारी किल लाइनचा, म्हणजे रिगवरून विहिरीच्या तोंडाशी जाणाऱ्या दुसऱ्या नळीचा, काटा बघा, तिथे शून्य आहे. दोन काट्यांपैकी आवडेल तो खरा मानावा आणि नावडत्याला भारदस्त नाव द्यावे. तिथे 'ब्लॅडर इफेक्ट' असे नाव दिले गेले. पुढे सरकारी चौकशी आयोगाने ज्या ज्या तज्ज्ञांना विचारले त्यांनी असला इफेक्ट नसतो म्हणून सांगितले, पण तोवर मड बाहेर निघाला होता.

रिगवरचा सगळ्यांना सावध करणारा भोंगाही आपोआप वाजणार नाही असा लावून ठेवलेला होता. कारण अगदी माणुसकीचे: खोट्या इशाऱ्याने रात्री-बेरात्री लोकांची झोप मोडू नये. आणि त्या दिवशी बीपी आणि ट्रान्सओशनचे साहेब रिगवर कशासाठी आले होते? सात वर्षे कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात नाही, म्हणून शाबासकी द्यायला. तुम्हीही असा फलक लावाच. घसरून पाय मोडणे त्यात मोजले जाते, विहिरीतला दाब मोजला जात नाही.

दुसरे काम कागदाचे. आपत्ती आराखडा जाडजूड हवा, कारण तो वाचायचा नसतो, वजन करायचा असतो. बीपीच्या आखाताच्या आराखड्यात ज्या प्राण्यांची काळजी घ्यायची त्यांत वॉलरस होता. आर्क्टिकच्या बर्फावरचा हा सुळेवाला प्राणी आखाताच्या कोमट पाण्यात काय करणार, हे सरकारी मंजुरी देणाऱ्या कोणीही विचारले नाही. मदतीला बोलवायच्या तज्ज्ञांत २००५ साली वारलेले एक प्राध्यापक होते. हसू नका, एक्सॉनमोबिल, शेवरॉन आणि कोनोकोफिलिप्स यांच्या आराखड्यांतही वॉलरस निघाला. एकाच ठेकेदाराकडून लिहून घेतले की स्वस्त पडते.

आता मुख्य विद्या, म्हणजे आकडा. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा दंड बॅरलमागे ११०० डॉलर होता, घोर निष्काळजीपणा ठरला तर ४३०० पर्यंत. त्यामुळे बॅरल मोजायचे काम दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये. आधी दिवसाला १,००० बॅरल सांगितले, मग सरकारने ५,००० म्हटले. कंपनीने १२ मे रोजी समुद्रतळावरची ३० सेकंदांची चित्रफीत दिली, आणि इथे गाडे घसरले. पर्ड्यू विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी तेवढ्यावरून प्रवाहाचा वेग काढून ७०,००० च्या घरातला आकडा सांगितला. शेवटी सरकारी पथकाचा हिशेब आला: सुरुवातीला दिवसाला ६२,०००, नंतर उतरत ५३,०००, एकूण ४९ लाख बॅरल. आकड्यावरून संसदेची दिशाभूल केल्याचा गुन्हाही कंपनीला कबूल करावा लागला. बोध एवढाच, की व्हिडिओ देऊ नका. विमानातून काढलेला फोटो द्या.

फोटोत फार सोय असते. तवंगाच्या रंगावरून जाडी ओळखतात: चंदेरी चमक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), इंद्रधनुषी ०.३ ते ५, धातूसारखी ५ ते ५०. एक चौरस किलोमीटरवर एक मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे हजार लिटर. म्हणजे एकाच इंद्रधनुषी तवंगाला तुम्ही चौरस किलोमीटरमागे ३०० लिटर म्हणू शकता आणि विरोधक ५,०००, आणि दोघेही पुस्तकाला धरून बोलत असता. तुमच्या माणसाला खालचा आकडा पाठ करून घ्या. आणि तवंग मुळात वर दिसलाच नाही तर फारच उत्तम. त्यासाठी डिस्पर्संट असते: वीस भाग तेलाला एक भाग या हिशेबाने मारले की तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्याच्या पोटात जाते. फोटोतून जाते, समुद्रातून नाही. मात्र हे पहिल्या एक-दोन दिवसांतच साधते. नंतर तेल लाटांनी घुसळून पाणी पिते, फुगते, आणि त्या तपकिरी लगद्यावर औषध चालत नाही. आखातात एकूण सुमारे ७० लाख लिटर ओतले, त्यातले २९ लाखांहून जास्त थेट दीड किलोमीटर खाली, विहिरीच्या तोंडाशी.

किनाऱ्यावर नारिंगी बूम, म्हणजे तेल अडवायचे तरंगते बांध, पसरून ठेवा. टीव्हीवर शोभून दिसतात. आडव्या लावलेल्या बूमखालून पाऊण नॉटच्या प्रवाहातही तेल निसटते, आणि लाटा चढल्या की वरूनही, पण तो तपशील कॅमेऱ्यात येत नाही. मकाँडोच्या सरकारी ताळेबंदात पृष्ठभागावरून ओरपून काढलेले तेल होते ३ टक्के, जाळलेले ५ टक्के. दरम्यान लोकांना वाटले पाहिजे की तळाशी काहीतरी भव्य चालू आहे. चार मजली लोखंडी घुमट वरून सोडला, तर त्यात मिथेन आणि थंड पाणी मिळून बर्फासारखे खडे साचले आणि तोंड चोंदले. मग मड रेटला, त्यासोबत टायरचे तुकडे आणि गोल्फचे चेंडू. विहिरीने तेही परत केले.

एवढ्यावरही लोक चिडलेच, तर वाद तेलाच्या व्यसनाकडे वळवा. इथे कष्ट लागत नाहीत, लोक आपण होऊन येतात. 'तुम्ही गाडीत पेट्रोल घालता ना? मग बोलता काय?' हे वाक्य तुम्हाला म्हणावेही लागत नाही, शेजारचाच कोणीतरी म्हणतो. बीपीने २००० च्या दशकातच लोकांना आपापला कार्बन फूटप्रिंट मोजायला गणकयंत्र देऊन ठेवले होते. आपले बॅरल मोजू न देणाऱ्याने दुसऱ्याच्या हाती मोजपट्टी द्यावी, याला म्हणतात दूरदृष्टी. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पर्यावरणवाल्यांचीही भीती नको. तेलाचा वापर सोडलाच पाहिजे, असे ते म्हणतात तेव्हा मान डोलवा. ते पन्नास वर्षांचे काम आहे, आणि तोवर सेंट्रलायझर २१ की ६ हा प्रश्न किरकोळ वाटू लागतो. तेलाशिवाय चालणार नाही म्हणणारे तर घरचेच. तेलाशिवाय चालत नाही, म्हणून सिमेंट न तपासता चालते, हा त्यांचा युक्तिवाद कोणी उलगडून मागत नाही. सांडलेले ४९ लाख बॅरल जगाला जेमतेम सव्वा तास पुरले असते, हेही ठणकावून सांगा. सव्वा तासाच्या तेलासाठी आखात घाण झाले, असा उलटा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

राजकीय मंडळी तयारच असतात. 'आजकालच्या रिगमधून सहसा गळती होत नाही,' असे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा स्फोटाच्या १८ दिवस आधी म्हणाले होते. नंतर खोल समुद्रातले खोदकाम सहा महिने बंद केले, तर आखाताकाठचे लुईझियाना राज्य बुडाले म्हणून ओरड झाली आणि मुदतीआधीच बंदी उठली. भरपाईसाठी २,००० कोटी डॉलरचा निधी ठेवायला लावला, तेव्हा टेक्ससच्या एका खासदाराने भर सुनावणीत माफी मागितली. बीपीची.

भारतात तेल सांडायचे असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. त्याच वर्षी ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे आदळली. सुमारे ८०० टन तेल रायगडच्या तिवरांपर्यंत गेले. तिवरांच्या मुळांत शिरलेले तेल ना ओरपता येते ना फवारता. पुढच्या ऑगस्टला कोळशाचे आरएके कॅरियर मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडाले, इंधनासकट. त्याबद्दल हरित लवादाचा १०० कोटींच्या भरपाईचा आदेश २०१६ साली आला. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा बंदराने आधी प्रदूषण झालेच नाही म्हणून सांगितले. मग माणसे हाताने बादल्या भरून तेल उपसू लागली. बादल्यांवर बॅरलच्या खुणा नसतात, हे लक्षात असू द्या.

अमेरिकेत अडकलातच तर बीपी आणि सरकार यांच्या २०१६ च्या तडजोडीचा कागद नजरेखालून घाला. रक्कम २,०८० कोटी डॉलर. त्यातले ५५० कोटी स्वच्छ पाणी कायद्याखालचा दंड, तो करातून वजा होत नाही. उरलेल्यातले बहुतेक धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतात. कोर्टात वकील उभा करण्याआधी सीएला फोन करा.