सॉल्ट सेम आहे म्हणे!

"सॉल्ट सेम आहे मॅडम." हे चार शब्द केमिस्टकडून ऐकले की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते. सॉल्ट म्हणजे गोळीतलं मुख्य औषध. कंपनी बदलली तरी ते तेच, म्हणून कुठलीही गोळी चालेल, असं त्यांचं म्हणणं. भांडुप स्टेशनबाहेर ऐकले, एलबीएस रोडवर ऐकले, मुलुंडला दोन दुकानांत ऐकले. सांगणारा प्रत्येक जण अशा सुरात सांगतो की जणू मी अडाणी आहे आणि तो माझे पैसे वाचवून माझ्यावर उपकार करतोय.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीला. नवव्या वर्षापासून तिला फिट येते. औषधं बदलून, डोस वरखाली करून, रडून-भेकून शेवटी कार्बामॅझेपिनची सीआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी आणि जोडीला लेव्हेटिरासिटाम, यावर तिचं बस्तान बसलं. मग दोन वर्षं चार महिने एकही फिट नाही. ज्यांच्या घरात हे दुखणं नाही त्यांना दोन वर्षं चार महिने म्हणजे काय ते कळायचं नाही. पोरगी एकटी ट्रेनने क्लासला जायला लागली होती. मी रात्री झोपायला लागले होते.

मे महिन्यात आमच्या नेहमीच्या केमिस्टकडे ती सीआर गोळी नव्हती. "वरूनच माल शॉर्ट आहे." हे त्याने मला नंतर सांगितलं, भांडायला गेले तेव्हा. त्या दिवशी काउंटरवरच्या पोराने दुसऱ्याच कंपनीच्या पट्ट्या पिशवीत टाकल्या, बिल स्टेपल केलं, झालं. विचारणं सोडा, तोंडाने सांगितलंही नाही. त्यातली एक पट्टी तर कापलेली, नाव असलेला तुकडा दुकानातच राहिलेला. मी घरी येऊन गोळ्या डब्यात भरल्या. रंग जरा वेगळा वाटला, पण पॅकिंग बदललं असेल असं म्हणून सोडून दिलं. ते सोडून देणं मला अजून टोचतं.

आठवड्याने ती म्हणाली, आई, सकाळी दहा-अकराला फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात. मी म्हटलं, मोबाइल कमी कर. तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला, सकाळची गोळी घ्यायच्या आधी, ती बाथरूमच्या दारात कोसळली. कपाळाला पाच टाके. शेजारच्या काकू कांदा फोडून धावत आल्या, वॉचमन चप्पल हुंगवायला पुढे. त्यांना ओरडून बाजूला केलं, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट हॉस्पिटल, एवढं मला पाठ आहे. तीन मिनिटांत थांबली. ती तीन मिनिटं कुठल्या बिलात लावायची, सांगा.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली ती पट्टीची. मग रक्त तपासलं, सकाळच्या डोसआधी. एरवी तिची रक्तातली कार्बामॅझेपिनची लेव्हल आठच्या आसपास असायची, ती ५.१ निघाली. रिपोर्टवर छापलेली रेंज ४ ते १२, म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित! डॉक्टर छातीठोकपणे गोळीमुळेच असं म्हणाले नाहीत. जागरण, क्लासचं टेन्शन हेही असू शकतं म्हणाले. मानलं. पण दोन-दोन दिसणं हे कार्बामॅझेपिन रक्तात जास्त झाल्याचं लक्षण आणि लेव्हल मोजली तर खाली. सीआर गोळी पोटात हळूहळू सुटायला हवी. ही सकाळी भसकन सुटत होती आणि पहाटेपर्यंत पुरत नव्हती, असं मला वाटतं. माझं चुकतही असेल. पण माझ्या मुलीवर हा प्रयोग करायचा हक्क त्या काउंटरवरच्या पोराला कुणी दिला?

आणि ते सॉल्टचं मला सांगूच नका. गोळीत नुसतं सॉल्ट नसतं. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या, म्हणजे फिटच्याच औषधाच्या, कॅप्सूलमधला फक्त भराव बदलला होता. कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं. औषध तेच, डोस तोच. तरी पेशंटच्या रक्तातली लेव्हल वर गेली, लोकांचे तोल जायला लागले. सॉल्ट सेमच होतं तेव्हाही! जेनेरिक गोळीची, म्हणजे मूळ कंपनीचं औषध दुसऱ्या कंपनीने काढलं त्या गोळीची, रक्तात औषध तेवढंच उतरतं का ही चाचणी होते तीसुद्धा मूळ गोळीशी ताडून. या कंपनीची गोळी त्या कंपनीच्या गोळीशी सहसा कुणी ताडून बघत नाही, आणि आम्हाला तर महिन्याला एक कंपनी मिळते. त्यात आपल्याकडे जुन्या औषधांची नवीन जेनेरिक काढताना ही चाचणी सक्तीची झाली २०१७ मध्ये, तीही कार्बामॅझेपिनसारख्या पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना. त्याआधी लायसन्स घेतलेली पट्टी कुठली, नंतरची कुठली, हे मी कसं ओळखायचं?

आमचे भाऊजी म्हणतात, "तुला ब्रँडचं वेड आहे, डॉक्टर कमिशन खातात, जेनेरिक घे." भाऊजी, मी जेनेरिकच्या विरोधात नाही हो! आपण ज्याला ब्रँड म्हणतो ते बहुतेक जेनेरिकच, फक्त कंपनीने नाव ठेवलेलं. तिचं लेव्हेटिरासिटाम मी जनऔषधी केंद्रातूनच आणते, डॉक्टरांना विचारून. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये फिटच्या औषधांचे तीन गट केले. लेव्हेटिरासिटाम तिसऱ्या गटात, त्यात एकाच कंपनीला चिकटून राहायची सहसा गरज नाही. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन पहिल्या गटात, एकाच कंपनीची गोळी कायम ठेवा म्हणून बजावलेलं. म्हणजे कुठे चालतं आणि कुठे नाही, हे लोकांनी बसून ठरवलेलं आहे. मला महागडी गोळी नकोय. मला तीच गोळी हवीय. स्वस्तातली असेल तर आनंदच आहे, पण मग दर महिन्याला तीच स्वस्त गोळी द्या. जनऔषधीत टेंडर ज्याला लागेल त्याचा माल येतो, म्हणून कार्बामॅझेपिन तिथून घ्यायचा मला धीर होत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने, म्हणजे डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांनी जेनेरिक नावंच लिहावीत असा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. तेव्हा टीव्हीवर डॉक्टर भांडले, केमिस्ट भांडले. नुसतं कार्बामॅझेपिन लिहिलं तर कंपनी कोण ठरवणार? केमिस्ट. ज्यात त्याचं मार्जिन जास्त, ती. हे आमच्यासारख्यांना कुणी विचारलं नाही.

सगळ्यात संताप येतो तो याचा की कायदा आहे! १९४५ पासूनच्या औषध नियमांत ६५ क्रमांकाचा नियम आहे. शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध चिठ्ठीवर लिहिलं असेल तर केमिस्टने त्याऐवजी दुसरी गोळी द्यायची नाही, आतलं औषध तेच असलं तरी नाही. शब्दाशब्दात लिहिलंय. मी हे एका दुकानात बोलले तर मालक हसला. म्हणाला, "मॅडम, असं बघायला गेलं तर दुकान बंद करावं लागेल." मागे रांगेतले लोकही माझ्याकडेच बघत होते, बाई उगाच वेळ खातेय म्हणून. मुलुंडच्या एका दुकानाने तर सीआरच्या जागी साधी गोळी पुढे केली. साधी! "दोन्ही दोनशेचीच आहे." हे केमिस्ट बोलतोय. औषधाच्या ॲपवर तरी काय वेगळं? ऑर्डर टाकली की खाली लगेच स्वस्त पर्याय चमकतो आणि बोट चुकलं की गेलं.

फोन करा. एवढंच मागणं आहे. माल नसेल तर नाही म्हणा, मी दहा दुकानं फिरेन. बदलायचीच वेळ आली तर डॉक्टरांना विचारू दे, रक्त तपासू दे, महिनाभर तिला एकटीला ट्रेनमध्ये पाठवणार नाही. फक्त मला माहीत असू दे.

आता तिला क्लासला मी सोडायला जाते. तिला ते आवडत नाही, रोज चिडते, दारात उभी राहून म्हणते मी काय लहान आहे का. डब्यात तिच्या गोळीच्या दोन पट्ट्या उरल्यात आणि आमच्या केमिस्टकडे माल पुन्हा शॉर्ट आहे. उद्या सुट्टी टाकून मरीन लाइन्सला उतरते आणि प्रिन्सेस स्ट्रीटचा औषध बाजार पालथा घालते. रिकामी पट्टी पर्समध्ये ठेवलीय, दाखवायला.