ओल नाही हो, रंग आहे!

आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आलेली नाही. हे वाक्य मी कालपासून अकरा जणांना ऐकवलंय. त्यातला एक प्लंबर होता.

झालं इतकंच, की सोफ्यामागच्या भिंतीला आम्ही गडद मातकट रंग दिला. शेडकार्डावर त्याचं नाव राजेशाही होतं. पेंटरने डब्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, सारवायचंय का?"

तेही गिळलं मी. पण खालच्या मजल्यावरच्या काकू!

काल दुपारी त्या पुरणयंत्र परत न्यायला आल्या. चप्पल दारात, नजर थेट भिंतीवर.

"अगं बाई! कधीपासून?"

मला वाटलं, कौतुक. "परवाच दुसरा हात झाला," मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा झिरपलं?" काकूंनी भिंतीला तळहात लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग नाक टेकवून वास घेतला. "वरच्यांचं बाथरूम बरोबर इथेच येतं."

"काकू, रंग आहे तो. मुद्दाम दिलाय."

"मुद्दाम?" त्या सोफ्यावर बसल्याच. "पैसे देऊन?"

आता मला चेव आला. म्हटलं, आपला नाशिकचा काळाराम बघा, सव्वादोनशे वर्षांहून जुना, अख्खा काळ्या दगडाचा. तिथे कुणी म्हणतं का, जरा ऑफव्हाइट मारा म्हणून?

"तिथे राम आहे गं," काकू शांतपणे म्हणाल्या. "इथे तुझे हे आहेत."

'हे' लॅपटॉपमागे आणखी थोडे खाली सरकले. त्यांचाही रंग तसा भिंतीत मिसळणाराच.

एक मात्र कबूल करते. गडद रंग उजेड खातो. पांढरी भिंत अंगावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकते, आमची सगळा गिळून बसते. दुकानात झगझगीत पांढऱ्या ट्यूबखाली जो रंग कॉफीसारखा दिसला, तो घरी पिवळ्या बल्बखाली गोदावरीला पूर येऊन गेल्यावर रामकुंडाच्या पायऱ्यांवर राहतो ना, त्या गाळासारखा दिसतो. आणि मशिनवर एकदा शेड मिसळली की दुकानदार डबा परत घेत नाही. उरलेले चार लिटर बाल्कनीत आहेत. कुणाला सारवायचं असेल तर कळवा.

पण मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. जो येतो तो म्हणतो, "उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?" अहो, हप्ते आम्ही भरतोय, अजून बरीच वर्षं भरणार, आणि भिंत कुणासाठी रंगवायची? अजून न भेटलेल्या गिऱ्हाइकासाठी? बिल्डरने दिलेल्या सायीच्या रंगात बारा वर्षं काढली. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं.

असो. काकू गेल्या त्या थेट वरच्या मजल्यावर. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या भिंतीचा फोटो, खाली 'गळती कुणाची?' वरचे तणतणले. आज सकाळी त्यांनीच प्लंबर पाठवला. त्याने भिंत ठोकली, कान लावला, हात फिरवला. "कोरडी आहे," म्हणाला आणि व्हिजिटचे तीनशे माझ्याकडून घेऊन गेला.

गडद मॅट रंगावर हात लागला की डाग उठतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता सोफ्याच्या बरोबर वर त्याची पाचही बोटं पांढरट उमटली आहेत. काकू मघाशी पुन्हा डोकावून गेल्या.

"बघ," म्हणाल्या, "पोपडे धरायला लागले."