समोरचा गेला खड्ड्यात!

गाडी घेतलीत, सीटकव्हर घातलं, मागच्या काचेवर देवाचं नावही लिहून झालं. आता राहिला हेडलाइटचा फोकस. कंपनीचा तो पिवळा, मिणमिणता उजेड तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही. रात्री विजापूर रोडला रुबाबात फिरायचं असेल, तर पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

आधी बल्ब. कंपनीच्या एच-४ हॅलोजनवर ६०/५५ वॉट लिहिलेलं असतं. ते वाचायचं नाही. दुकानात जाऊन १००/९० चा मागा, नाहीतर मागे पंखा असलेला एलईडी. जितका निळसर तितका भारी. दुकानदार भर दुपारी शटरवर उजेड पाडून दाखवेल आणि म्हणेल, "बघा की ओ साहेब, दिवस उगवलाय!" सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी दिवस उगवलेला बघून पैसे द्या.

रिले, म्हणजे दिव्याला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच, घालू नका, वायरिंग बदलू नका. होल्डर वितळल्याचा वास आला की समजायचं, माल अस्सल आहे.

एखादा शहाणा मेकॅनिक सांगेल की एच-४ बल्बात डिपरच्या, म्हणजे खाली झुकलेल्या उजेडाच्या, फिलामेंटखाली पत्र्याची बारकी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. बल्बामागच्या चकचकीत रिफ्लेक्टरची सगळी आखणी त्या फिलामेंटच्या जागेवरून केलेली असते. तिथे भलताच एलईडी खोचला की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या तोंडावर फाकतो. अशा मेकॅनिककडे पुन्हा जायचं नाही.

हेडलाइटची काच पिवळी पडलीय? राहू द्या. पॉलिश केली तर उजेड वाढेल, पण नवीन काय बसवलं ते चारचौघांत दाखवणार काय?

फोकस आभाळाकडे ठेवा. चिंचेवरची वटवाघळं दिसली पाहिजेत. बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक चाक असतं. डिकीत माल भरला की गाडीचं तोंड वर होतं, तेव्हा फोकस खाली घ्यायला ते दिलेलं असतं म्हणे. तुम्ही गाडी विकाल तेव्हाही ते ० वरच असेल.

बंपरवर बार लाइट, म्हणजे दिव्यांची लांब पट्टी, हवाच. गाडी आठशे सीसीची असली तरी.

आता डिपर. हा प्रकार जुना झाला. ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असायचं, तो काळ गेला. समोरच्याने दोनदा डिपर मारला तर तो तुम्हाला नमस्कार करतोय असं समजा आणि अप्पर, म्हणजे लांबवर सरळ जाणारा फोकस, तसाच ठेवा. परवा रात्री होटगीकडून येताना मीही एकाला असाच नमस्कार केला. एकदा, दोनदा, चारदा. मी मोटरसायकलवर, समोरून त्याची पांढरी गाडी, चार दिवे आणि वर बार. त्याने काही डिपर दिला नाही. रस्ता गेला, कडेची पांढरी पट्टी गेली, माझं पुढचं चाकसुद्धा दिसेना. आणि त्या पांढऱ्या अंधारात डाव्या हाताला उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, चाकामागे नुसता दगड. (रिफ्लेक्टर न लावणाऱ्यांसाठीही असाच एक लेख लिहायचा आहे.) ट्रॉलीखालून कुणीतरी ओरडलं, "ओ मामा, म्होरं बघा की!" म्हणून ब्रेक दाबला. म्होरं बघायला दिसत होतं कुठे? पांढरी गाडी तोवर कुंभार वेशीलासुद्धा पोचली असेल. मागे काय झालं, हे त्याला या जन्मात कळणार नाही.

ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. डोळे दिपले की सावरायला काही सेकंद लागतात. वय झालेल्याला त्याहून जास्त, मोतीबिंदूवाल्याचं तर विचारूच नका. तेवढे मीटर माणूस आंधळाच असतो. १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत, त्यात १०६ वा नियम आहे: दिवा कायम खाली झुकलेला हवा, नाहीतर ड्रायव्हरला तो खाली झुकवता आला पाहिजे; खाली झुकलेल्या उजेडाने ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोळे, जवळपास माझेच. हायवेच्या दुभाजकात कण्हेर लावतात ती काय देवाला फुलं वाहायला?

आता तुम्ही-बिम्ही पुरे. अरे, उजेड कमी पडतोय ना? मग काच घासून घे. रिले टाकून वायरिंग नीट कर. कंपनीने सांगितलेल्याच वॉटचा चांगला बल्ब घाल. भिंतीपुढे सपाट जागेवर गाडी उभी करून फोकस सेट करून घे. एवढ्यात रस्ता स्वच्छ दिसतो. तरी नसेल दिसत तर डोळे तपासून घे आणि गाडी हळू चालव. समोर गाडी दिसली की बोट हलव, बोट! त्याला पेट्रोल लागत नाही. तुला दिसावं म्हणून बाकीच्यांनी आंधळं का व्हायचं? रस्ता काय तुझ्या बापाने बांधलाय?

आणि सात रस्त्याला, डोक्यावर खांबाचे दिवे जळत असताना, सिग्नलला उभा राहून अप्पर कशाला लावतोस रे? काय हरवलंय तुझं?