हवा भरून मिळेल का?

हवा फुकट असते असं म्हणणारा माणूस पेंटबॉल खेळत नसणार. फुकट असते ती मोकळी हवा. तिला लिटरभराच्या बाटलीत, मोटारीच्या टायरच्या शंभरपट दाबाने कोंबायचं म्हटलं की ती लगेच भाव खायला लागते. टायरला तीस-पस्तीस पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड दाब, पुरतात. रंगाच्या गोळ्या हवेने झाडणाऱ्या आमच्या बंदुकांच्या बाटल्यांना तीन हजार लागतात, आणि बाटली कार्बन फायबरची असली तर साडेचार हजार. माझी कार्बन फायबरची आहे. ती का घेतली असं विचारू नये. दुकानात हातात घेतली तेव्हा हलकी लागली आणि दिसायलाही बरी होती.

या खेळाची सुरुवात फार साधी झाली. जून १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा मंडळी जमली आणि वनखात्याची माणसं तोडायच्या झाडांवर रंगाचे ठिपके मारायला जी पिस्तुलं वापरत, ती घेऊन एकमेकांच्या मागे लागली. जो जिंकला त्याने सगळी निशाणं गोळा केली, पण एकही गोळी झाडली नाही. मला हा गृहस्थ फार थोर वाटतो. त्याला हवा भरायचा प्रश्नच आला नाही.

आम्ही उरलेले लोक झाडतो. भरपूर झाडतो आणि नेम चुकतो म्हणून आणखी झाडतो. मग बाटली रिकामी होते, आणि ती मैदानावरच भरून मिळते, तेही मैदान उघडं असलं तर. घरी अंगणात थोडा सराव करावा म्हटलं तर बाटली शोभेची वस्तू होऊन बसते. टायरचा कॉम्प्रेसर लावून बघायचा विचार डोक्यात येतोच, पण तो दीडशेच्या आसपास धापा टाकतो. हातपंप मिळतो, तीन हजारांच्या वर जाणारासुद्धा. मात्र त्याच्या दांड्यावर अख्खं वजन टाकून शेकडो वेळा खाली-वर व्हावं लागतं. बाटली भरेपर्यंत खेळायची सगळी शक्ती बाटलीत गेलेली असते. उच्च दाबाचा खरा कॉम्प्रेसर घ्यावा, तर त्याचा आवाज, त्याचं तेल, त्याचे फिल्टर आणि घरातल्यांचे चेहरे, हे सगळं सांभाळावं लागतं.

उरतो तो पाणबुड्यांचा मार्ग. कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग तयार केलं आणि माणूस पाठीवर हवा बांधून पाण्याखाली हिंडू लागला. त्यांच्या वारसदारांचं एक सिलिंडर घरात उभं करायचं, ते बाहेरून भरून आणायचं आणि त्यातून आपली बाटली हवी तेव्हा भरायची. एक नळी, एक काटा, एक झडप, संपला विषय. निदान मला तरी तो संपल्यासारखा वाटत होता. पण माझा मेव्हणा पाणबुड्या आहे.

“दाजी, ॲल्युमिनियमचं एटी सिलिंडर अजिबात घेऊ नका,” तो म्हणाला.

“का?”

“शेवटी शेवटी तरंगायला लागतं.”

“कुठे?”

“पाण्यात.”

“मी ते जिन्याखाली ठेवणार आहे.”

यावर तो क्षणभर थांबला, पण फक्त क्षणभरच. मग त्याने समजावून सांगितलं की भरलेल्या एटीमध्ये अडीच किलोंच्या वर नुसती हवा असते. ती श्वासावाटे संपली की सिलिंडर तेवढं हलकं होतं आणि माणसाला वर ओढतं, म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागतं. माहिती पक्की होती, याबद्दल वाद नाही. सिलिंडर निवडण्याबद्दल मी जे जे वाचलं त्यात खाऱ्या पाण्यातलं वजन पहिल्या पानावर होतं. आमच्या जिन्याखालच्या वजनाबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नव्हतं.

हे एटी म्हणजे ऐंशी घनफूट हवेचं सिलिंडर. प्रत्यक्षात त्यात सत्त्याहत्तर पूर्णांक चार घनफूट मावते. उरलेले अडीच फूट कुठे गेले याची चौकशी केली, तेव्हा ‘सगळे ऐंशीच म्हणतात’ असं उत्तर मिळालं. मला हे पटलं. मीही माझी उंची सांगताना थोडी सूट घेतो.

घनफुटांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, हे मात्र कागद-पेन्सिल घेतल्यावर उघड झालं. सिलिंडरमधली हवा बाटलीत ओतली जात नाही. दोघांचा दाब सारखा होईपर्यंत वाहते आणि मग थांबते. अगदी दोन भावांच्या वाटणीगत: समान झालं की मोठा भाऊ एक कणही जास्त सोडत नाही, मग त्याच्या घरात कितीही पडून असो. रॉबर्ट बॉईलने दाब आणि आकारमान यांचा नियम १६६२ मध्ये छापला. त्याचा त्रास मला एवढ्या उशिरा व्हावा, ही त्या नियमाची ताकद आहे.

आता हिशेब असा. एटीच्या पोटात साधारण ११ लिटर जागा, माझ्या बाटलीत १.१ लिटर. सिलिंडर ३००० वर भरून आणलं आणि बाटली पूर्ण रिकामी धरली, तर पहिल्या वेळी बाटलीला मिळतात २७३० च्या आसपास. दुसऱ्या वेळी २४८०, तिसऱ्या वेळी २२५०, चौथ्या वेळी २०५०. प्रत्यक्षात बाटली पार रिकामी कधीच होत नाही, कारण आतला दाब आठशेच्या खाली गेला की मार्कर, म्हणजे आमची बंदूक, कुरकुरायला लागतो. त्यामुळे आकडे थोडे सुधारतात. पण सुधारून सुधारून किती? साडेचार हजार पेलणारी बाटली माझ्याकडे आहे आणि तिला पहिल्याच दिवशी अडीच-पावणेतीन हजारांवर भागवायचं आहे. चार वेळा भरून झालं की सिलिंडर अजून दोन तृतीयांश भरलेलं, आणि मी हवा संपली म्हणून हातावर हात ठेवून बसलेलो.

बायको कागदावर वाकून हे बघत होती. “म्हणजे हवा आहे,” ती म्हणाली, “पण तुझ्या कामाची नाही.”

“दाब नाही ना पुरेसा.”

“घरात तुझंही असंच आहे.”

या हिशेबावर उपाय आहे. एकाऐवजी दोन सिलिंडर ठेवायची. आधी कमी दाबाच्या सिलिंडरातून बाटलीला जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं आणि वरचा शेवटचा भर ताज्या सिलिंडरातून घालायचा. त्यामुळे ताज्या सिलिंडराचा दाब खूप हळू उतरतो. मी उत्साहाने सुरुवात केली, “समज, दोन सिलिंडर घेतली तर...” बायकोने हे वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

तेव्हा एकच घ्यायचं, आणि घनफूट न बघता दाब बघून घ्यायचं. अग्निशमन दलवाले पाठीवर बांधतात ती साडेचार हजारांची कार्बन सिलिंडरं माझ्या बाटलीला शोभली असती. पण तेवढा दाब भरून देणारी जागा सापडायला हवी, आणि त्या सिलिंडरांचं आयुष्य बहुतेक पंधरा वर्षांचं असतं. जुनी म्हणून विकायला येतात ती नेमकी चौदाव्या वर्षी. चला, पुढे.

तरी स्वस्तात पडेल म्हणून एक जुनं ॲल्युमिनियमचं सिलिंडर बघायला गेलो. मेव्हणा सोबत होता. विकणारे काका म्हणाले, “फारसं वापरलेलंच नाही.” सिलिंडर निळंशार रंगवलेलं होतं, इतकं जाड की खांद्यावरचे ठसे रंगात बुडाले होते. मेव्हण्याने नखाने रंग खरवडायला सुरुवात केली. आधी ‘३एएल’ दिसलं, म्हणजे ॲल्युमिनियम. मग ३०००, म्हणजे दाब. मग एक महिना, मध्ये तपासनिसाची खूण आणि पुढे वर्ष. ते वर्ष वाचून मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. काका आकाशाकडे बघत होते.

१९८८ च्या आधीच्या कित्येक सिलिंडरांना ६३५१ नावाचा मिश्रधातू वापरलेला असे. सतत दाबाखाली राहून त्याला मानेजवळ, झडपेच्या आट्यांत, बारीक चिरा पडू शकतात. अशी सिलिंडरं भरून द्यायला बरीच दुकानं सरळ नकार देतात. काकांचं सिलिंडर त्या काळातलं होतं. मेव्हण्याने तरीही झडप हलकेच उघडली, हवेचा फुसकारा हातावर घेतला आणि हात माझ्या नाकाशी धरला. गंजक्या डब्यातल्या तेलाचा वास आला. चांगल्या हवेला वास नसतो. तो म्हणाला, “हे मी भिंतीलासुद्धा टेकवून ठेवणार नाही.” काकांना मात्र त्याने फक्त “विचार करून कळवतो” एवढंच सांगितलं. चांगल्या घरचा मुलगा आहे.

त्याच संध्याकाळी त्याने मला हायड्रो टेस्ट समजावली. सिलिंडर पाण्याच्या पिंपात बुडवायचं, आत पाणी भरायचं आणि नेहमीच्या दाबाच्या पाच तृतीयांश दाब द्यायचा. म्हणजे तीन हजारांच्या सिलिंडरला पाच हजार. ते किती फुगलं हे मोजायचं, दाब सोडायचा आणि किती मूळ मापावर आलं तेही मोजायचं. जेवढं फुगलं त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त फुगवटा कायम राहिला, तर सिलिंडर भंगारात. ही परीक्षा दर पाच वर्षांनी, आणि आत दिवा घालून बघणं दर वर्षी. माणसांना ही परीक्षा नाही हे बरं आहे. सणासुदीनंतर आमच्या घरातून बरेच जण भंगारात निघाले असते.

मग स्टीलवर आलो. शंभर घनफुटांचं, ३४४२ पीएसआयचं. पोटात जेमतेम तेरा लिटर जागा, उंचीला एटीपेक्षा थोडं कमीच. पुन्हा कागद घेतला: ३१७०, २९२०, २६९०, २४८०. चौथ्या वेळीही हे जेवढं देतं तेवढं ॲल्युमिनियम दुसऱ्या वेळी देत होतं. दोष दोन. बूड गोल असल्यामुळे ते स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, त्याला रबरी बूट घालावा लागतो. आणि आत ओल गेली की गंजतं, म्हणून पूर्ण रिकामं कधीच करायचं नाही. मी मेव्हण्याला फोन केला.

“स्टील घेतोय.”

“दाजी!” त्याचा आवाज भरून आला होता. “स्टील तरंगत नाही.”

इतक्या वेगळ्या कारणांनी दोन माणसांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. मी त्याला दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

पुढचा वाद झडपेचा. योक म्हणजे वरून शिकंजा आवळायचा प्रकार, साधारण साडेतीन हजार पीएसआयच्या आतला. डिन म्हणजे आट्यांनी आत फिरवून बसवायचा, जास्त दाबाला पक्का. भरायची नळी मला योकची मिळत होती, आणि मेव्हण्याचा डिनवर विश्वास होता. शेवटी आतला तुकडा काढला की डिन आणि बसवला की योक, अशी झडप घेतली. तो तुकडा षटकोनी किल्लीने फिरतो. किल्ली कुणाच्या खिशात राहील, यावर थोडी बोलणी झाली.

भरण्याचे नियम मेव्हण्याने घरी येऊन घालून दिले. झडप हळू उघडायची, केसभर. घाईत भरलं की हवा दाबाने तापते, बाटली गरम लागते, काटा वर दिसतो आणि बाटली निवली की काटा उतरतो. आपण खूश होऊन झोपतो आणि सकाळी शे-दोनशे गायब. नळी काढण्याआधी तिच्यातला दाब सोडायचा. सिलिंडर आडवं पडणार नाही असं पट्ट्याने बांधायचं, कारण पडून झडप तुटली तर ते जिना, भिंत आणि शेजार यांत फरक करत नाही. आणि तेल कुठेही नाही. हे त्याने दोनदा सांगितलं, कारण आमच्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मी तेलाचे दोन थेंब सोडतो हे त्याला माहीत आहे. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. बाटलीच्या तोंडाला फार तर सिलिकॉनचं ग्रीस, तेही सांगितलं तेवढंच. नायट्रॉक्सचं लेबल असलेलं सिलिंडर तर हातातसुद्धा घ्यायचं नाही. त्यात प्राणवायू जास्त असतो.

हे सगळं झालं आणि सिलिंडर भरायला दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे विचारलं, “कार्ड?” पाणबुड्याचं कार्ड असल्याशिवाय तिथे हवा देत नाहीत. मी पाण्याखाली जाणारच नाही, हे सांगून बघितलं. त्याला ते आणखीच संशयास्पद वाटलं.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. मी चार वेळा बाटली भरतो. माझ्या दृष्टीने सिलिंडर संपतं. मेव्हणा ते घेऊन जातो, कारण त्याच्या दृष्टीने ते अजून छान भरलेलं असतं; उथळ पाण्यात पाऊण तास मासे बघायला तेवढी हवा त्याला पुरते. वर येतो तेव्हा तळाशी थोडी शिल्लक ठेवतो, कार्ड दाखवतो आणि भरून आणतो. नुसतं भरत नाही, सिलिंडर निवेपर्यंत दुकानात ठिय्या देऊन पुन्हा ३४४२ करून घेतो. भरण्याचा खर्च निम्मा-निम्मा. वर्षाच्या तपासणीचा खर्च कुणी करायचा, हे ठरायचं आहे. मेव्हणा म्हणतो, सिलिंडर दाजींचं. मी म्हणतो, ओलं तो करतो. प्रकरण बायकोकडे आहे, आणि ती दोघांकडूनही पैसे घ्यायच्या बेतात दिसते.