"वयच आहे ताई, निघून जाईल"

डिसेंबरातलं नाशिक. पहाटे तीनला मी उठून बसलेली, मानेखालची उशी ओली, गाऊन पाठीला चिकटलेला. हे शेजारी दोन गोधड्या घेऊन झोपलेत आणि मी पंखा पाचवर करून खिडकीपाशी उभी. पाळी जाण्याच्या वयातला हा त्रास, रात्रीतून चार-चार वेळा, आठ महिने. दिवसा बँकेत खातेदाराशी बोलता बोलता छातीतून कढ वर चढायचा आणि समोरच्याचं नावच डोक्यातून जायचं.

पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं. "वयच आहे ताई, निघून जाईल." या वयात शरीरात कमी होणारं हार्मोन औषध म्हणून घेण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "कॅन्सर करून घ्यायचाय का?" त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

ही भीती आली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातून. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र देण्याचा त्यातला भाग २००२ च्या जुलैत मुदतीआधी थांबवला. १६,६०८ बायका, सरासरी वय ६३, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या! स्तनाच्या कॅन्सरच्या केसेस वाढल्या त्या वर्षाला दहा हजार बायकांमागे आठ. धोका खरा आहे, मी तो झाकत नाही. पण गर्भपिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात हा कॅन्सर वाढला नाही, हे आपल्यापर्यंत कुणी पोचवलंच नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी बायकांना फायदाच जास्त, असं आज तज्ज्ञ सांगतात.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास दिला. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? पायात कधी रक्ताची गुठळी? लिव्हरचं काही? मध्येच रक्तस्राव? मॅमोग्राफी झाली, मग दंडाला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल सुरू झालं. गोळी लिव्हरमधून जाते आणि गुठळीचा धोका वाढवते, जेलचं तसं नाही. मला गर्भपिशवी आहे, म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉनही. नाहीतर नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहतं. तिसऱ्या आठवड्यात मी सलग सहापर्यंत झोपले. उठून रडले.

ज्यांना नको त्यांनी घेऊ नये, काहींना चालतही नाही. पण विचारलं तर नीट उत्तर मिळायला हवं.

मला खरी काळजी जाऊबाईंची आहे. छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली, आता त्रेचाळीस. त्याच वर्षापासून अंगातून वाफा, सांधे धरलेले. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्यावर २०१९ मध्ये एवढा गदारोळ झाला, सरकारने समिती नेमली. पण पुढे त्या बायकांच्या हाडांचं, हृदयाचं कोण बघतंय? हार्मोन बनवणारे अंडाशयही काढले असतील तर पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यायला हवं, चालत नसेल तेवढंच सोडून. जाऊबाईंना तर अंडाशय ठेवले की काढले हेच माहीत नाही. काल आम्ही दोघींनी पत्र्याची पेटी उपसली. लग्नाच्या शालूखाली डिस्चार्ज कार्ड सापडलं, घडीवर फाटलेलं, शाई पुसट झालेली. शनिवारी ते घेऊन डॉक्टरबाईंकडे जातोय.