‘११२ टक्के मतदार’: लॉस एंजेलिस काउंटीबद्दलच्या एका फॉरवर्डची उलटतपासणी

अमेरिकेत निवडणूक आली की एक संदेश इंग्रजीतून उतरून आपल्या मराठी ग्रुपांवर येतो. थोडक्यात तो असा: “लॉस एंजेलिस काउंटीत प्रौढ नागरिकांपेक्षा मतदार जास्त, ११२ टक्के! ओळखपत्र कोणी विचारत नाही. मतमोजणी महिनाभर रेंगाळते आणि तेवढ्यात निकाल फिरवतात. हे सगळं तिथल्या मेयरच्या हातात. आणि म्हणे ही जगातली सर्वांत जुनी लोकशाही.”

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक. एकेक दावा घेऊ.

“प्रौढांपेक्षा मतदार जास्त”

११२ हा आकडा कोणी झोपेत पाहिलेला नाही. ज्युडिशियल वॉच या उजव्या विचारांच्या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये काउंटीवर आणि राज्यावर फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात दावा लावला, त्यातला तो आहे. पण तो कसा काढला ते फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. वरचा आकडा यादीतल्या सगळ्या नावांचा, ‘निष्क्रिय’ नावांसकट. खालचा आकडा प्रौढ नागरिकांचा, आणि तोही शिरगणतीचा नाही, नमुना पाहणीवरून बांधलेला अंदाज.

निष्क्रिय म्हणजे ज्याच्या पत्त्यावरचं टपाल परत आलं, माणूस बहुधा घर बदलून गेला असावा असा मतदार. १९९३ च्या फेडरल कायद्याप्रमाणे असं नाव लगेच खोडता येत नाही. आधी नोटीस पाठवायची, मग दोन फेडरल सार्वत्रिक निवडणुका वाट पाहायची, तरीही मत पडलं नाही तर काढायचं. कॅलिफोर्नियाची चूक ही की तिथे ही शेवटची पायरी कित्येक वर्षं चढलीच जात नव्हती, त्यामुळे नावं साचत गेली. जानेवारी २०१९ मध्ये तडजोड झाली, सुमारे १५ लाख निष्क्रिय नावांबाबत नोटिसा काढायचं काउंटीने मान्य केलं आणि पुढे त्यांतली १२ लाखांहून जास्त नावं निघाली.

म्हणजे यादी अस्वच्छ होती, हे खरं. पण त्या नावांवर मतं पडली असं या खटल्यात कुठेही सिद्ध झालं नाही. टपाली मतपत्रिका फक्त सक्रिय मतदारांना जाते, निष्क्रिय नावाला नाही. दादरच्या चाळीच्या यादीत नाव आणि संसार डोंबिवलीत, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. त्यांना कोणी बोगस मतदार म्हणत नाही. महाराष्ट्रातही २०२४ च्या विधानसभेनंतर मतदारसंख्येतून प्रौढ लोकसंख्या वजा करण्याचा खेळ झाला, आणि तिथेही लोकसंख्येचा आकडा २०११ च्या जनगणनेवरून पुढे ताणलेला अंदाजच होता. तिथे कोण बरोबर हा वेगळा वाद. पण अशी वजाबाकी संशयाला जागा देते, पुरावा देत नाही.

“ओळखपत्र लागत नाही”

बहुतेक मतदारांना मतदानाच्या वेळी लागत नाही, हे बरोबर. तपासणी नोंदणीच्या वेळी होते. वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे द्यावे लागतात आणि ते पडताळले जातात. टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडतात आणि जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात. ही पद्धत पुरेशी आहे का यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. ‘कोणीही येऊन मत टाकतो’ हे मात्र खोटं.

ग्रीन कार्डवाल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्याच्या परवाना खात्यातून आपोआप मतदार नोंदणी २०१८ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी सुमारे १,५०० अपात्र लोकांची चुकून नोंद झाल्याचं खात्याने कबूल केलं. त्यांत नागरिक नसलेलेही होते. नागरिक नसताना मत टाकलं तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो. फॉर्मवरच्या त्या चौकटीत खूण करण्यापूर्वी नीट वाचा.

“महिनाभर मोजणी, म्हणजे फिरवाफिरवी”

काउंटीची लोकसंख्या सुमारे एक कोटी, मतदार ५५ लाखांहून अधिक. प्रत्येक सक्रिय मतदाराला घरी मतपत्रिका जाते. निवडणुकीच्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट सात दिवसांनी आलं तरी धरतात. त्यातच शेवटच्या दिवशी पेटीत टाकलेल्या पाकिटांच्या राशी. प्रत्येकावरची सही बघा, पाकीट उघडा, मतपत्रिका सपाट करा, मग ती यंत्रात जाते. केंद्रावर त्याच दिवशी नोंदणी करून टाकलेली मतं तर पडताळणीनंतर, सर्वांत शेवटी. यासाठी कायद्याने साधारण महिनाभराची मुदत दिली आहे आणि तेवढ्यात एक टक्का केंद्रांची मतं हाताने मोजून यंत्राच्या बेरजेशी ताडावी लागतात.

केंद्रावरचं यंत्रही आपल्या ईव्हीएमसारखं नाही. २०२० पासून काउंटीने स्वतः बनवून घेतलेलं यंत्र वापरात आहे. ते फक्त मतपत्रिका छापून देतं, मोजणी दुसरीकडे, मध्यवर्ती ठिकाणी होते. त्या कागदावर क्यूआर कोड असतो आणि मोजणीयंत्र तोच वाचतं, यावर टीकाही झाली आहे. पण मतदार वाचतो ती छापील नावं असतात, आणि हाताची मोजणी त्या नावांवरूनच करतात.

निकाल ‘फिरतो’ तो कसा, याचं उदाहरण २०२२ ची लॉस एंजेलिस शहराच्या मेयरपदाची प्राथमिक फेरी. पहिल्या रात्री अब्जाधीश बिल्डर रिक करूसो पाच टक्क्यांनी पुढे होते. मोजणी संपली तेव्हा कॅरेन बॅस सात टक्क्यांनी पुढे. उशिरा टपाल टाकणारे मतदार तरुण आणि डावीकडे झुकलेले असतात, एवढंच त्यातलं गूढ. नोव्हेंबरच्या फेरीत बॅस जिंकल्या आणि करूसोंनी पराभव मान्य केला.

गोंधळच दाखवायचा असेल तर जून २०१८ चा दाखवा. छपाईतल्या चुकीमुळे १,१८,५२२ मतदारांची नावं केंद्रांवरच्या याद्यांतून गळाली आणि त्यांना तात्पुरत्या, म्हणजे पडताळणीनंतरच मोजल्या जाणाऱ्या, मतपत्रिकेवर मत द्यावं लागलं. हा प्रकार काउंटीने जाहीरपणे मान्य केला. फॉरवर्डमध्ये तो नसतो, कारण त्यात खलनायक सापडत नाही.

“सगळं मेयरच्या हातात”

खरं अज्ञान इथे आहे. काउंटीला मेयर नाही. लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं आहेत आणि लॉस एंजेलिस त्यांतलं एक. मोठं, पण एकच. काउंटीवर सत्ता पाच जणांच्या सुपरवायझर मंडळाची. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २० लाख लोक, म्हणजे एक सुपरवायझर आणि एक लोकसभा मतदारसंघ यांचा आकार सारखाच म्हणा. कायदे तेच करतात, अंमलबजावणीही त्यांच्याच हुकुमाने. तुरुंग, सार्वजनिक रुग्णालयं, बालकल्याण ही मोठी कामं काउंटीकडे. शेरिफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, जिल्हा सरकारी वकील आणि मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर हे वेगळे निवडून येतात. मतपत्रिकेवर या कोणाच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो. प्राथमिक फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर निवड तिथेच झाली, नाही तर पहिल्या दोघांत नोव्हेंबरला सामना. निवडणूक चालवणारा अधिकारीही काउंटीचा, नेमलेला. त्यात मेयरचा संबंध शून्य.

शिवाय सुमारे दहा लाख लोक कुठल्याच शहरात राहत नाहीत. त्यांची वस्ती थेट काउंटीच्या अखत्यारीत. जानेवारी २०२५ च्या ईटन आगीत जळालेलं आल्टाडेना त्यांतलंच. त्या आगीत ९,००० हून जास्त इमारती खाक झाल्या. तिथल्या टाउन कौन्सिलला सल्ला देण्यापलीकडे अधिकार नाहीत. म्हणजे जाब सुपरवायझर आणि काउंटीच्या खात्यांना विचारायचा, पण समाजमाध्यमांवर शिव्या खाल्ल्या मेयर बॅस यांनी. त्याच वेळी लागलेली पॅलिसेड्सची आग त्यांच्या शहरातली, तिथे त्यांना जाब विचारणं योग्यच होतं. आल्टाडेनात त्यांची सत्ताच नाही.

पायोनियर बुलेवार्डवर आपण साड्या आणि मिठाई घ्यायला जातो, ते आर्टेशिया स्वतंत्र शहर आहे. पण तिथली पोलीस सेवा कंत्राटाने शेरिफकडे. १९५४ मध्ये जवळच्या लेकवुडने ही पद्धत काढली: शहर आपलं, सेवा काउंटीकडून विकत. पुढे कित्येक गावांनी तोच कित्ता गिरवला. तेव्हा आर्टेशियात गाडी अडवणारा पोलीस ज्याच्या हाताखाली काम करतो, त्याला निवडण्यात साऱ्या काउंटीचं मत असतं.

फॉरवर्डमध्ये नसलेली लबाडी

या काउंटीत मतांवर खरोखर डल्ला मारला गेला तो पेटीत नाही, नकाशावर. १९८१ मध्ये सुपरवायझरांनी आपल्याच मतदारसंघांच्या सीमा अशा आखल्या की लॅटिनो वस्ती फुटून विखुरली जावी. १९९० मध्ये फेडरल कोर्टाने गार्झा खटल्यात हे बेकायदा ठरवलं, सीमा नव्याने आखाव्या लागल्या आणि १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. शतकभरात मंडळावर आलेल्या त्या पहिल्या लॅटिनो. आता सीमा १४ सदस्यांचा स्वतंत्र आयोग आखतो. आपल्याकडे प्रभागरचनेवरून काय काय होतं ते पाहिलेल्याला हे पटकन कळेल. आणि तुलनाच करायची तर मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासकच कारभार पाहत होता. लॉस एंजेलिसचा निकाल उशिरा लागतो, निवडणूक तारखेलाच होते.

पाच माणसांकडे इतकी सत्ता असावी का, हा प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ‘मेझर जी’ (थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) निसटत्या बहुमताने मंजूर केलं: २०२८ मध्ये काउंटीचा प्रमुख थेट निवडून येणार, पुढे सुपरवायझर नऊ होणार. पण त्यातही घोळ झालाच. तुरुंगाला पर्यायी योजनांसाठी निधी राखून ठेवणारं, मतदारांनीच २०२० मध्ये मंजूर केलेलं ‘मेझर जे’ काउंटीच्या सनदेत नोंदवायचंच राहून गेलं होतं. जुन्या मजकुरावर नवी दुरुस्ती बसली तेव्हा ते कलम कोणाच्या ध्यानीमनी नसताना रद्द झाल्यात जमा झालं. ही गोष्ट उघड झाली २०२५ च्या उन्हाळ्यात, मतदान होऊन कित्येक महिने उलटल्यावर.