जुना छोटा लॅपटॉप दुरुस्त होऊ नये म्हणून

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे यंत्र वापरायचं नाही. वापरायला खिशात फोन आहे. जुना मिनी लॅपटॉप घ्यायचा तो उघडण्यासाठी. चालू झाला की तुमच्याकडे एक संथ संगणक उरतो. बंद आहे तोवर मात्र हाताला काम आहे, रविवार भरलेला आहे आणि पाहुणे आले तर खोलीत बसून राहायला सबब आहे. हे सुख टिकवायचं असेल तर पुढचा सल्ला तंतोतंत पाळा.

यंत्र निवडताना सोय बघू नका. तोशिबाने १९९६ साली लिब्रेटो २० काढला तेव्हा ६.१ इंची स्क्रीन आणि ८४० ग्रॅम वजनात अख्खा संगणक बसवल्याचं लोकांना कौतुक वाटलं. तुम्ही कौतुक करायचं ते वेगळ्याच कारणासाठी. या सुरुवातीच्या लिब्रेटोंना सीडी ड्राइव्ह नाही. फ्लॉपी ड्राइव्ह आहे, पण बाहेरचा, तोही पीसी कार्डच्या खाचेतून जोडायचा, आणि आधीच्या मालकाने तो हमखास हरवलेला. म्हणजे नवी सिस्टिम (विंडोजसारखी) टाकायची तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा, तिथे फाइली भरा, परत आणून बसवा. काही चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. यापेक्षा भरगच्च छंद शोधून सापडणार नाही.

इतकं जुनं नको असेल तर २००७ ची एसुस ई पीसी ७०१ घ्या. सात इंची स्क्रीन, ८०० बाय ४८० पिक्सेल, ५१२ एमबी रॅम. प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा, पण कारखान्यातूनच ६३० वर बांधून पाठवलेला. आणि ४ जीबीची साठवण थेट बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे ती वाढवण्याचा विचार तुमच्या मनात येणार हे कंपनीने आधीच ओळखलं होतं. शौकीन मंडळींसाठी २००९ ची सोनी व्हायो पी आहे: आठ इंचांत १६०० बाय ७६८ पिक्सेल. दुरुस्तीच्या सूचना याच स्क्रीनवर वाचायचं ठरवलंत तर चष्म्याचा नंबरही सोबत अपग्रेड होतो.

आता बिघाड. यंत्र सुरू होत नाही. शहाणा माणूस काय करेल? मल्टिमीटर लावून अडॅप्टर मोजेल. बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर चालवून बघेल. रॅम काढून पुन्हा बसवेल. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, असं असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडेल, नाहीतर खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारेल. पुसट चित्र दिसलं तर स्क्रीन शाबूत आहे, फक्त तिच्यामागचा उजेड गेलाय. या सगळ्याला फार वेळ लागत नाही आणि खर्च तर काहीच नाही. हीच त्या पद्धतीतली खोट. तुम्ही सरळ मदरबोर्ड मागवा. तो येईपर्यंत रॅम बदला, बायोस (यंत्र सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) रीसेट करा आणि स्क्रीनची केबल ओढून बघा, सगळं एकाच बैठकीत. एका वेळी एकच बदल केला तर दोष कुठे होता ते कळतं आणि पुढच्या वेळी तो लगेच सापडतो. असं होऊ देऊ नका.

अडॅप्टरच्या बाबतीत पिन बसली म्हणजे अडॅप्टर आपला, हे सूत्र लक्षात ठेवा. ई पीसी ७०१ ला ९.५ व्होल्ट लागतात, तिच्याच भावंडातल्या ९०१ ला १२, आणि घरात पडलेला कुठलाही धडधाकट लॅपटॉपचा चार्जर बहुधा १९ व्होल्टचा. हे आकडे अडॅप्टरच्या पोटावर छापलेले असतात, पण इतक्या बारीक अक्षरात की न वाचल्याबद्दल कुणी दोष देणार नाही. धन-ऋण टोकाची छोटी आकृतीही तिथेच असते. ती शोभेची आहे असं समजा.

यानंतर येतो माझा सगळ्यात आवडता बिघाड, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. यंत्र सुरू होतं, वायफाय लागतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, ही साइट सुरक्षित नाही. आता खरं कारण असं असतं: बोर्डावरचा बटणाएवढा सेल संपलेला असतो, त्यामुळे बंद केल्यावर घड्याळ वेळ विसरतं आणि सुरू करताना कारखान्यात शिकलेल्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतं. यंत्राच्या मते आज २००८ सालचा १ जानेवारी. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ अशी मुदत असते, आणि या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. यंत्र ते नाकारतं, आणि त्याच्या परीने बरोबरच करतं.

कोपऱ्यातली तारीख बघून ती दुरुस्त केली की काम झालं. कायमचं व्हायला हवं असेल तर सेल बदला. पण तुम्ही कोपऱ्यात बघणारच नाही आहात. आधी ब्राउझर काढून पुन्हा टाका. मग राउटर बंद-चालू करा. मग राउटर बदला. मग फॉरमॅट मारा. प्रत्येक टप्प्यावर तारीख तिथेच, डोळ्यांसमोर, शांतपणे चुकीची. शेवटी वायफाय कार्डच खराब आहे या निष्कर्षावर या आणि ते मागवा. पुरवून पुरवून केलंत तर एका सेलमध्ये अख्खा महिना निघतो. (तारीख दुरुस्त केल्यावरही साइट उघडत नसेल तर ब्राउझरच इतका जुना असतो की त्याला आजची मूळ प्रमाणपत्रं, म्हणजे ज्यांच्या भरवशावर बाकीची तपासली जातात ती, माहीतच नसतात. तो दुसरा महिना.)

फारच जुन्या यंत्रांत हा राखीव सेल चार्ज होणारा असतो आणि तो गळतो. निकेल-मेटल हायड्राइडच्या सेलमधून अल्कलीयुक्त द्रव बाहेर येतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या करत पुढे सरकतो. आळशी लोक यंत्र हाती येताच पहिल्यांदा हा सेल काढून टाकतात, डाग पातळ व्हिनेगरने निष्प्रभ करतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतात. तुम्ही ‘अजून तर चालतंय’ म्हणा आणि यंत्र कपाटात ठेवा. पुढचं काम तो द्रव करील.

उघडताना स्क्रू एकाच वाटीत टाका. कागदावर यंत्राचा आराखडा काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटवणं, किंवा प्रत्येक पायरीचा फोटो काढणं, हे ज्यांचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास नाही त्यांच्यासाठी. लांबीत किंचित फरक असलेले स्क्रू सारखेच समजा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरच्या बाजूला प्लास्टिकवर एक नाजूक टेंगूळ येतं आणि यंत्राला तुमची खूण मिळते. कीबोर्डची चपटी केबल ज्या खाचेत असते तिला एक चिमुकली पट्टी असते. ती उचलायची असते की सरकवायची, हे कनेक्टर बघून ठरवायचं असतं. तुम्ही केबलच ओढा.

आता अपग्रेड. बहुतेक नेटबुकांत (म्हणजे ई पीसीसारख्या छोट्या, स्वस्त लॅपटॉपांत) इंटेलचा ॲटम एन२७० प्रोसेसर आणि १ जीबी रॅम सापडते. सगळ्यांनी नेमकी तेवढीच कशी दिली, याला एक इतिहास आहे. या छोट्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्ट विंडोज एक्सपी स्वस्तात द्यायची, पण अट अशी की रॅम १ जीबीच्या वर नको आणि स्क्रीनही ठरावीक इंचांच्या आतच हवी. म्हणजे यंत्र कमकुवत राहील याची लेखी काळजी घेतलेली होती. बिचारी रॅम दोन जीबीपर्यंत सहज वाढवता येते आणि तिथेच चिपसेटची (प्रोसेसरला रॅमशी जोडणाऱ्या चिपांची) मर्यादा संपते. म्हणून तुम्ही ४ जीबीची पट्टी घ्या. यंत्र सुरू झालं नाही तर खाच खराब आहे असं समजून ती झिजेपर्यंत पुसा.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर चालणारी साठवण) लावायची असेल तर त्याहून बहार आहे. ई पीसी ९०१, डेल मिनी ९ यांच्या आतली एसएसडी ज्या खाचेत बसते ती दिसायला हुबेहूब मिनी पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे वायफाय कार्डाच्या खाचेसारखी, आणि एमसाटा कार्डही (नंतरच्या पद्धतीची छोटी एसएसडी) दिसायला तसंच. कार्ड खाचेत मस्त बसतं, आणि यंत्राला ते दिसत नाही. कारण त्या खाचेतल्या तारांवरून हार्ड डिस्कच्या जुन्या आयडीई पद्धतीचे संकेत जातात. या यंत्रांसाठीच बनलेली कार्डं वेगळी असतात. ती शोधण्याआधी निदान दोन एमसाटा कार्डं घेऊन टाका, पहिलं खराब निघालं असेल या शंकेपोटी.

लिब्रेटोवाल्यांनी हार्ड डिस्कच्या ४४ पिनांच्या खाचेत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड) जोडणीच्या अडॅप्टरवर बसवावं, असं जाणकार सांगतात. आवाज नाही, उष्णता नाही, बॅटरीही वाचते. तुम्ही मात्र मिळेल ती मोठ्यात मोठी हार्ड डिस्क घ्या. या यंत्रांच्या बायोसला सुमारे ८ जीबीच्या पलीकडचं जग दिसत नाही, आणि झोपी जाताना ते रॅममधला सगळा मजकूर त्या दिसणाऱ्या हद्दीच्या अगदी शेवटी लिहून ठेवतात. तिथे रिकामी जागा सोडली नसेल तर तुमच्या फाइलींवरच लिहितात, कुणाला न विचारता. अशी जागा सोडू नका. झाकण मिटताना कुठल्या फाइली जातील याची हुरहुर मग रोजची.

सिस्टिम निवडताना बारकाईने विचार करा आणि मग विंडोज १० टाका. ३२ बिटी (जुन्या प्रोसेसरांना चालणारं) विंडोज १० नेटबुकवर चढतं हे खरंच आहे. चढल्यावर १ जीबी रॅममध्ये ते स्वतःच अपडेट शोधत बसतं, त्यामुळे तुम्हाला माउस हलवण्याची तसदी पडत नाही. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हा तर वरचा फायदा. नाहीतर मागाहूनच्या नेटबुकांत मूळ आलेलं विंडोज ७ स्टार्टर तसंच ठेवा, ज्यात डेस्कटॉपचं चित्रसुद्धा बदलता येत नसे.

लिनक्सवाले (विंडोजऐवजी ती मोफत सिस्टिम वापरणारे) नाराज होतील म्हणून सांगतो, तिकडेही आशा आहे. एन२७० हा ३२ बिटी प्रोसेसर, आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. म्हणजे तीच उतरवून घ्या. बूट होत नाही म्हणून पेनड्राइव्ह बदला. बारावी आवृत्ती किंवा अँटीएक्स, पपी यांसारखी हलकी सिस्टिम टाकली तर यंत्र चक्क चालेल आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामाचं होईल. तो धोका पत्करू नका. चुकून पत्करलाच, तर आधुनिक ब्राउझर उघडून डझनभर टॅब लावा आणि जोरात म्हणा, ‘लिनक्स स्लो आहे.’

नेटबुकची १०२४ बाय ६०० ची स्क्रीनही तुमच्या बाजूने आहे. कितीतरी खिडक्या ७६८ ओळी धरून आखलेल्या, त्यामुळे ‘ओके’चं बटण स्क्रीनच्या खाली, जमिनीच्या दिशेने कुठेतरी राहतं. लिनक्समध्ये बहुधा ऑल्ट दाबून खिडकी वर ओढता येते, किंवा नुसतं एंटर दाबूनही बरेचदा काम होतं. हे कुणाला सांगू नका.

फुगलेल्या बॅटरीबद्दल मात्र थट्टा नाही. लिथियमचा सेल फुगला असेल तर तो चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका; यंत्रातून काढून ई-कचऱ्यात द्या. झालं, आता पुढे.

मदत मागायची वेळ आली तर मॉडेलचं नाव सांगू नका. ‘छोटा, काळा लॅपटॉप आहे, चालत नाही, अर्जंट’ एवढं पुरे. समोरच्याने विचारलं की दिवा लागतो का, बीप येतो का, किती वेळा, तर ‘सगळं करून बघितलं’ असं म्हणा. कधी काळी प्रश्न सुटला तर ‘झालं’ एवढंच कळवा. कसं झालं ते सांगितलंत तर दुसऱ्या कुणाचा तरी छंद तुम्ही हिरावून घ्याल.

एवढं सगळं करूनही यंत्र सुरू झालं तर? हा प्रसंग येतो. पंखा शांत, घड्याळ बरोबर, स्क्रीन उजळ, आणि तुम्ही त्याच्यासमोर बसून विचार करताय की आता टाइप काय करायचं. घाबरू नका, बायोस अपडेट शिल्लक आहे. आजवर ज्या आवृत्तीने एकही तक्रार केली नाही तीच बदला. बॅटरी लावू नका, आणि फाइल शेजारच्या, एका आकड्याच्या फरकाच्या मॉडेलची घ्या.

त्यानंतर तेच मॉडेल आणखी एक घ्या, पार्टसाठी. एका मॉडेलची यंत्रं बहुधा एकाच जागी मोडतात, त्यामुळे तुम्हाला हवी असलेली बिजागरी त्याचीही तुटलेलीच असेल. बाकी सगळं ठणठणीत. बटण दाबलंत की ते पहिल्याच झटक्यात सुरू होईल. होऊ द्या, दोन मिनिटं. मग बंद करा, उलटं ठेवा आणि स्क्रू काढायला घ्या. वाटी आहेच, मागचे उरलेले सहा स्क्रू तिच्यातच आहेत.